पंचवटी, द्राक्षं आणि ‘फॉरेन अफेअर्स’

माझा धंदा कागदांचा. नाशिकची द्राक्षं न्हावा शेव्याहून युरोपला निघतात तेव्हा कंटेनरबरोबर कागदांचाही एक गठ्ठा निघतो. शिपिंग बिल, फायटो म्हणजे माल कीडमुक्त असल्याचा दाखला, पॅकिंग लिस्ट, आणि बीएल म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती. तो गठ्ठा जमवायचा, तपासायचा, आणि एका अक्षरामुळे माल अडकला तर दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी ‘परराष्ट्र धोरण’ हा शब्द तोंडातून काढला असेल तर मुलीच्या नागरिकशास्त्राच्या परीक्षेच्या आदल्या रात्री.

२०२३च्या डिसेंबरात ते बदललं. १९ नोव्हेंबरला तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलक्सी लीडर’ नावाचं जहाज ताब्यात घेतलं, त्याचा व्हिडिओ आमच्या ऑफिसात सगळ्यांनी पाहिला, पुढे पाठवला आणि विसरून गेलो. डिसेंबरच्या मध्याला मात्र एकेका शिपिंग लाइनचे मेल यायला लागले. तांबड्या समुद्रातून, म्हणजे सुएझ कालव्याच्या वाटेने, जहाजं जाणार नाहीत, आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जातील, भाडं नव्याने कळवू. आशिया ते युरोप प्रवासात त्यामुळे तीन-साडेतीन हजार सागरी मैलांची भर. २३ तारखेला ‘केम प्लूटो’ हे जहाज ड्रोनचा मार खाऊन दोन दिवसांनी मुंबईला लागलं, तेव्हा प्रकरण अगदीच उंबऱ्याशी आलं. कांद्याची निर्यात ८ डिसेंबरला सरकारने बंद केलेली होतीच. आणि द्राक्षाचा हंगाम तीन आठवड्यांवर.

लोखंड वळसा घालून गेलं तर उशिरा पोचतं, एवढंच. द्राक्षाचं तसं नाही. शून्य अंशाच्या आसपासच्या रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, सल्फरच्या कागदाखाली घड झोपून असतो खरा, पण काडी सुकत राहते. आमच्या मालाला पूर्वी बावीस-पंचवीस दिवस लागायचे, आता पस्तीसच्या पुढचा हिशोब धरायचा होता. निफाडच्या एका बागाईतदारांचा रोज फोन. “भाऊ, हे हूती कोण? आणि आपल्याच मालावर का उठलेत?”

मला सांगता येईना. टीव्हीवर नकाशापुढे चार जण भांडत होते आणि पाचवा जिंकल्यासारखा ओरडत होता. व्हॉट्सॲपवर तर तिसरं महायुद्ध सुरूही होऊन गेलं होतं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त चीफ इंजिनियर राहतात. तीस वर्षं बोटीवर काढलेली. सगळे त्यांना चीफसाहेब म्हणतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, “बातमी वाचू नकोस. बातमी ही लाट आहे. खाली प्रवाह कुठला वाहतोय ते बघ. ‘फॉरेन अफेअर्स’ वाच.” परराष्ट्र धोरणावरचं हे अमेरिकन नियतकालिक. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. अंक तिच्याकडे येतो, साठतो, आणि ती किंवा तिचे सासू-सासरे इकडे आले की बॅगेतून येतो. जाताना चिवडा जातो, येताना अंक. चार-चार महिने जुना. चीफसाहेबांना त्याचं काही वाटत नाही. आणि अंक ते कुणाला घरी नेऊ देत नाहीत, त्यांच्या बैठकीत बसून वाचायचा.

मला ते जमणारं नव्हतं. माझ्याकडे वेळ म्हणजे पंचवटी एक्स्प्रेस. हंगामात आठवड्यातून दोन-तीनदा मुंबईला जावं लागतं. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडलं की पावणेअकराच्या पुढेमागे सीएसएमटी. या वेळातही फोन वाजतच असतो. फोनवर निबंध वाचायचा मी प्रयत्न केला. दुसऱ्या परिच्छेदात फायटोच्या नंबरची विचारणा, तिसऱ्यात ‘गुड मॉर्निंग’चं गुलाबाचं फूल, आणि इगतपुरी सोडल्यावर कसाऱ्यापर्यंत बोगद्यांत नेटवर्क गायब. पान अर्धं उघडून गोल-गोल फिरत राहायचं.

मग कपाटातला ई-रीडर आठवला. तीन-चार वर्षांपूर्वी भाच्याने दिलेला. त्यावर एके काळी मासिकं मिळायची, मी एक लावलंही होतं. मग त्या दुकानाने मासिकं विकणंच बंद केलं आणि यंत्र कपाटात चष्म्याच्या जुन्या घरांशेजारी जाऊन पडलं.

आता खरी प्रक्रिया सांगतो. कुणाला करायची असेल तर माझे चार दिवस वाचतील.

पहिला दिवस वर्गणीत गेला. कार्ड दोनदा नाकारलं गेलं. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. आयुष्यभर डॉलर आणि युरोतली इनव्हॉइसं तपासणाऱ्या माणसाचं स्वतःचं कार्ड देशाबाहेर कधी गेलंच नव्हतं. बँकेच्या ॲपमध्ये शिरून ते चालू केलं. डिजिटल वर्गणी घेतली की १९२२ सालच्या पहिल्या अंकापासूनचं सगळं भांडार उघडतं, हे मला पैसे भरल्यावर कळलं. वर्षाला सहा अंक, आणि मागे शंभर वर्षं.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या लॅपटॉपवर कॅलिबर टाकलं. हे फुकट सॉफ्टवेअर आहे आणि लिहिलंय एका भारतीयाने, कोविद गोयल यांनी, २००६पासून. पुस्तकांची फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात बदलून देणं हे त्याचं मुख्य काम. पण त्यात नियतकालिकं उतरवून घ्यायचीही सोय आहे. प्रत्येक नियतकालिकासाठी कुणीतरी उत्साही माणसाने एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवलेला असतो, त्याला तिथे ‘रेसिपी’ म्हणतात. यादीत ‘फॉरेन अफेअर्स’ होतं. बटण दाबलं, दहा-बारा मिनिटं चक्र फिरलं, अंक तयार. उघडून पाहतो तर प्रत्येक निबंधाचे दोन-तीन परिच्छेद आणि पुढे काही नाही. वर्गणीदाराचं नाव आणि पासवर्ड रेसिपीला द्यायचा असतो, तो मी दिलाच नव्हता. म्हणजे फुकट्या पाहुण्याला जेवढं दाखवतात तेवढंच घेऊन आलो होतो.

तिसरा दिवस केबलने खाल्ला. अंक तयार, यंत्र लॅपटॉपला जोडलेलं, यंत्र चार्ज होतंय, पण लॅपटॉपला ते दिसतच नाही. मी यंत्र बंद-चालू केलं, लॅपटॉप बंद-चालू केला, ते दुसऱ्या भोकात लावून पाहिलं. रात्री अकराला मुलगी पाणी प्यायला उठली, बघितलं आणि म्हणाली, “बाबा, ही केबल नुसती चार्जिंगची आहे. हिच्यातून डेटा जात नाही.” दिसायला दोन्ही केबली सारख्या. चौथ्या दिवशी मेनरोडवरून दीडशे रुपयांची नवी आणली आणि अंक यंत्रात उतरला. त्या दिवशी तारीख होती १४ जानेवारी, संक्रांतीचा आदला दिवस. हे लक्षात आहे, कारण पुढे या तारखेला महत्त्व आलं.

पहिल्यांदा त्यावर वाचायला बसलो ती गाडीतली खिडकीची जागा होती. लहवितच्या पुढे ऊन थेट मांडीवर आलं. फोन असता तर त्यात फक्त माझाच चेहरा दिसला असता. इथे अक्षरं उन्हात आणखी ठळक झाली. या पडद्यामागे दिवा नसतो. केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या, त्यांत काळे आणि पांढरे कण, विजेच्या भाराने काळे वर आले की अक्षर, पांढरे वर आले की कागद. एकदा पान उमटलं की ते धरून ठेवायला वीजही लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. पान उलटलं की पडदा एक क्षण काळा होऊन उजळतो, पापणी मिटल्यासारखा. सुरुवातीला ते खुपतं. चार पानांनंतर दिसेनासं होतं. घाटात बोगद्यात गाडी शिरली तेव्हा शेजारच्यांचे फोन एकेक करून मुके झाले आणि माझं वाचन चालू राहिलं. कडांना बसवलेले छोटे दिवे होतेच. त्या पाचेक मिनिटांत मला वाटलं, पैसे वसूल.

तोटेही सांगायला हवेत. आलेख निकामी. लाल रेघ अमेरिका, निळी रेघ चीन, आणि माझ्या पडद्यावर दोन्ही रेघा राखाडी, अगदी एकाच घरातल्या. नकाशे तर त्या मासिकात जवळपास नसतातच. पानंच्या पानं बाब-अल-मंदेबवर, पण ते आहे कुठे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं असं गृहीत. मी मुलीचा शाळेचा नकाशासंग्रह बॅगेत ठेवायला लागलो. येमेन आणि आफ्रिका यांच्यामधली जेमतेम तीसेक किलोमीटरची फट. इंग्रजी लेखात तिला ‘चोकपॉइंट’ म्हणतात. चीफसाहेबांचा शब्द जास्त नेमका आहे, “समुद्राचं नरडं.” अरबी नावाचा अर्थ अश्रूंचं दार असा होतो, हेही त्यांनीच सांगितलं.

भाषा सुरुवातीला जड गेली. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थाची चौकट उघडते, पण तिथला अर्थही इंग्रजीतच, म्हणजे सासू गेली आणि सासरा आला. गंमत अशी की बरेचसे शब्द माझ्याच धंद्यातले निघाले. ‘हेज’ घ्या. आमचे निर्यातदार युरोचा भाव पडेल या भीतीने बँकेशी आधीच सौदा करून ठेवतात, त्याला आम्ही हेजिंगच म्हणतो. देशही तेच करतात. एका मोठ्या देशाशी सोयरीक, दुसऱ्याशी उधारी, तिसऱ्याशी नुसता रामराम, म्हणजे कुणाचाही भाव पडला तरी आपण बुडत नाही. भारताबद्दलच्या लेखांत हा शब्द तक्रारीच्या सुरात येतो, भारत पूर्णपणे आमच्या बाजूला का येत नाही, अशा. वाचताना मला आमच्या पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याची आठवण झाली. त्याने एकाच खरेदीदाराला सगळा माल द्यावा म्हणून आलेल्या गोऱ्याला तो चहा पाजतो, बाग दाखवतो आणि अर्धाच माल देतो.

तीन-चार निबंध झाल्यावर त्यांचा सांगाडा दिसायला लागला. सुरुवात एखाद्या प्रसंगाने, मग ‘सर्वसाधारण समज असा आहे’, मग तो समज कसा चुकीचा ते, मग इतिहास, आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्शात ‘वॉशिंग्टनने अमुक करावं, तमुक टाळावं’. पहिला आणि मधला भाग मी जपून वाचतो. शेवटचा भाग म्हणजे आपल्याकडच्या अग्रलेखातलं ‘सरकारने याकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे’, तो मी कल्याण ते ठाणे या टप्प्यात उरकतो. आणि सगळं वॉशिंग्टनच्या खुर्चीतून. जहाजावरचे खलाशी या निबंधांत क्वचित येतात, आणि त्या खलाशांत आपल्या कोकणातली पोरंही असतात. रीफरमधला घड तर कुठेच नाही. त्याची मला तक्रार नाही. आमच्या पॅकिंग लिस्टमध्ये तरी कुठे खलाशी असतो?

माझ्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट आपोआप झाली. लेखकाची ओळख, तो कोण, कुठल्या खात्यात होता, हे रेसिपीने उचलून प्रत्येक निबंधाच्या शेवटी नेऊन ठेवलं. त्यामुळे मी आधी म्हणणं वाचायचो आणि मग माणूस. एखादा फारच ठासून लिहितोय असं वाटावं आणि शेवटी कळावं की हे गृहस्थ चार वर्षांपूर्वी तेच खातं सांभाळत होते. चीफसाहेबांना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, “या मासिकाचा सगळ्यात गाजलेला लेख बिननावाचाच आहे.” जुलै १९४७. लेखकाच्या जागी फक्त ‘एक्स’. सोव्हिएत वर्तनाची मुळं कशात आहेत, यावरचा तो निबंध. तो जॉर्ज केनन या अमेरिकन परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा आहे हे लवकरच फुटलं, आणि रशियाला युद्ध न करता, धीराने, सगळीकडून बांध घालत अडवायचं हा विचार पुढे चाळीस वर्षं चालला. भांडारातून तोही उतरवला. आजच्या निबंधांपेक्षा वाचायला सोपा निघाला. केननला वाक्य कुठे संपवायचं ते कळत होतं.

भांडारात आणखी एक सापडलं आणि त्या दिवशी मला दादरला उतरायचं होतं, तो मी सीएसएमटीपर्यंत गेलो. जानेवारी १९३८चा अंक, लेखक जवाहरलाल नेहरू, विषय भारताची एकता. तेव्हा ते काँग्रेसचे अध्यक्ष होते, १९३६च्या डिसेंबरातलं फैजपूरचं अधिवेशनही त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरलेलं. माझं आजोळ यावल तालुक्यातलं. फैजपूरचं ते अधिवेशन खेड्यात भरलेलं पहिलं, आणि आजी त्याच्या गोष्टी सांगायची, म्हणजे मुख्यतः गर्दीच्या आणि धुळीच्या. त्या धुळीतून गेलेला माणूस वर्षभराने न्यूयॉर्कच्या मासिकात अमेरिकनांना समजावत होता की आमचा देश एक कसा. पुढे इंदिरा गांधींचा १९७२चा लेखही वाचला आणि पोखरणनंतरचा, १९९८चा जसवंत सिंहांचाही. तिघांचा सूर वेगळा. पण मी तुलना वगैरे करण्याच्या भानगडीत पडत नाही, त्यासाठी पगार घेणारी माणसं आहेत.

आता मुख्य गोष्ट.

जानेवारीत मी उतरवला तो अंक नोव्हेंबर-डिसेंबर २०२३चा होता. त्यातला पहिला लेख जेक सलिव्हन यांचा, अमेरिकेच्या अध्यक्षांचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. शीर्षकात अमेरिकन सामर्थ्याची मुळं, म्हणजे सरळ केननच्या शीर्षकाला दिलेली हाक. लेख मोठा आहे. घरचे कारखाने उभे करा, मित्र जोडा, चीनशी स्पर्धा करा पण भडका उडू देऊ नका, असा त्याचा रोख. मी मध्यपूर्वेच्या परिच्छेदावर नजर ठेवून वाचत होतो, कारण माझे कंटेनर तिथून चुकवून जात होते. तिथे हमासचा ७ ऑक्टोबरचा हल्ला होता, त्याची सावली सगळ्या प्रदेशावर पडली आहे असं होतं, लढाई पसरण्याचा धोका होता. मला पटलं. बोटाने ओळ अधोरेखित केली आणि निफाडच्या काकांना फोनवर सांगितलंही, “अमेरिकेच्या सुरक्षा सल्लागारांनी आधीच लिहून ठेवलं होतं बघा.”

फेब्रुवारीत चीफसाहेबांची मुलगी आली आणि बॅगेतून तोच अंक आला, छापील. रविवारी सकाळी त्यांनी बोलावलं. टेबलावर पोह्यांची बशी, अंक उघडा, वर त्यांचा चष्मा. म्हणाले, “सलिव्हन वाचलास? काय फजिती रे माणसाची.” मी म्हटलं, “फजिती कसली? बरोबर तर लिहिलंय.” त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. मी यंत्रावर त्याच परिच्छेदाशी बोट ठेवून मागोमाग निघालो. एक ओळ जुळली. मग त्यांच्या तोंडून असं वाक्य आलं की मध्यपूर्वेत जुनी दुखणी आहेतच, पण गेल्या कित्येक दशकांत नव्हता इतका हा प्रदेश आता शांत आहे.

माझ्या पडद्यावर ते वाक्य नव्हतं.

“साहेब, तुम्ही कुठलं पान वाचताय?” त्यांनी पान क्रमांक सांगितला. माझ्याकडे पान क्रमांक नसतातच, टक्के असतात. शेवटी शोधायची सोय वापरली. त्या पडद्यावर टंकणं म्हणजे शिक्षा. एक अक्षर दाबावं, थांबावं, ते उमटावं, मग दुसरं. ‘क्वाएटर’ हा शब्द मी सात अक्षरांत, दोन चुकांसह पुरा केला. पडद्याने पापणी मिटली, उघडली. निकाल शून्य. चीफसाहेबांनी अंक माझ्यापुढे सरकवला आणि त्या ओळीखाली नख ओढलं. शब्द तिथे होता, काळ्या शाईत.

काय झालं होतं ते मग संकेतस्थळावर जाऊन पाहिलं. छापील अंक २ ऑक्टोबरला छपाईला गेला. पाच दिवसांनी हमासचा हल्ला झाला. लेख इंटरनेटवर चढवायच्या आधी मध्यपूर्वेचा भाग बदलला. मासिकाने हे लपवलं नव्हतं. तशी टीप तिथे होती आणि मूळ छापील मजकुराची पीडीएफही जोडलेली होती. टीप माझ्या फाइलमध्ये का आली नाही? बहुधा रेसिपीने तिला जाहिरात किंवा असंच काहीतरी समजून गाळलं असावं. म्हणजे दोष ना मासिकाचा, ना यंत्राचा. मी आणलेल्या चाळणीतून ती खाली पडली.

पण मला तो दिवसभर अस्वस्थपणा गेला नाही. त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. बीएल एकदा निघालं की त्यावर खाडाखोड चालत नाही. वजनात एक आकडा चुकला तर लाइनला पत्र, फी, जुनं परत, आणि मग नवं. शिपिंग बिलात बदल करायचा तर कस्टम्सकडे अर्ज. आम्ही या प्रकाराला वैतागतो, पण त्याचा अर्थ असा की कागद हातात घेणाऱ्याला कळतं, इथे आधी काही वेगळं होतं. मी हे चीफसाहेबांना बोललो तर ते म्हणाले, “बोटीच्या लॉगबुकातही तसंच. चूक झाली तर खोडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही.” मग पोहे गार झाले म्हणून काकू ओरडल्या.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. बदललेला मजकूर वाचून मी त्या माणसाला द्रष्टा ठरवलं होतं आणि तसं निफाडला कळवलंही होतं. छापील वाक्य वाचून चीफसाहेबांनी त्याला मूर्ख ठरवलं होतं. पाच दिवस इकडे-तिकडे. माणूस एकच, आणि त्याला दोन ऑक्टोबरला जे दिसत होतं ते त्याने लिहिलं. मला तर ते बदललेलं वाक्य जितकं शिकवून गेलं नाही तितकं ते पुसलेलं शिकवून गेलं. जगातली सगळी माहिती ज्याच्या टेबलावर येते त्यालाही ती फट शांत वाटत होती, मग मी डिसेंबरात गाफील होतो याचं मी फार मनाला लावून घेणं बंद केलं.

पीडीएफ मी यंत्रात घातली. सहा इंचांच्या पडद्यावर पीडीएफ म्हणजे मुंग्यांची रांग. यंत्र आडवं करून अर्धं-अर्धं पान वाचावं लागतं आणि प्रत्येक वेळी पापणी मिटते. तरी ती ठेवलीय. तेव्हापासून उतरवलेल्या प्रत्येक अंकाच्या नावात तारीख घालतो, मासिकाची आणि उतरवल्याचीही. ‘नोव्हें-डिसें २०२३, उतरवला १४ जाने २०२४.’ आणि रेसिपी जे गाळते ते पाहायला निबंधाचं मूळ पान एकदा लॅपटॉपवर उघडतो. दहा मिनिटं जातात.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळच्या परतीच्या पंचवटीत होतो. कसाऱ्याला मागून इंजिन लावायला गाडी थांबली होती, फोनला अजून दोन काड्या होत्या. निफाडहून काकांचा फोन.

“भाऊ, बोट कुठवर आली?”

मी ट्रॅकिंग उघडलं. “केप मागे पडलं. डाकारच्या वर आहे. रॉटरडॅम आठवड्याभरात.”

“काडी हिरवी राहील का?”

“तापमान बरोबर दाखवतंय.”

थोडा वेळ मागे ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “आणि ते तुमच्या पुस्तकात काय म्हणतात, कालवा कधी सुरळीत होणार?”

“त्यात नाही लिहिलेलं, काका.”

“एवढं जाड पुस्तक आणि नाही लिहिलेलं?”

गाडी हलली आणि पहिल्या बोगद्यात फोन तुटला.